न येणाऱ्या बसचा सत्कार

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. आमच्या भागात हे कुणाला सांगितले की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग विचारतो, "अन् बाकी काय करता?" कॉलेज जुने, इमारत दगडी, आणि माझ्या विषयाची मुले इतकी कमी की सगळा विभाग दोन बाकांवर मावतो. गाव तालुक्याचे आहे. एका अंगाला जळगाव जिल्हा, दुसऱ्या अंगाला धुळे. गावाचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर आधी माझा निषेध होईल, मग सत्कार होईल, आणि दोन्हीला मला हजर राहावे लागेल.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. बसने अर्धा-पाऊण तासावरच्या खेड्यातून यायची. पहिल्याच बाकावर बसायची आणि माझे म्हणणे पटले नाही तर तोंड वाकडे करायची. वर्षानुवर्षे माना डोलावणारी मुले पाहिल्यावर असे वाकडे तोंड दिसले की मला फार बरे वाटते. ज्ञान होते कशाने, हा भाग मी तेव्हा शिकवत होते. डोळ्यांनी पाहून होते, ते प्रत्यक्ष. धूर पाहून आग ओळखली, ते अनुमान. विश्वासू माणसाने सांगितले, ते शब्दप्रमाण. एखादा धष्टपुष्ट माणूस दिवसा जेवतच नसेल तर तो रात्री जेवत असला पाहिजे, नाहीतर गोष्ट जुळत नाही, ही अर्थापत्ती. आणि घागर जमिनीवर नाही हे कसे कळले? दिसली असती, दिसत नाही, म्हणून. ही अनुपलब्धी. मुलीने विचारले होते, "म्याडम, नसलेलं कळायलाबी शास्त्र लागतं का?" मी म्हटले, लागते. किती लागते ते त्या वर्षात कळले.

तिच्या वडिलांना गावात आबा म्हणतात. कापूस लावणारा, कमी बोलणारा माणूस. मुलीला कॉलेजात घालताना त्यांनी एकच अट घातली होती, ती तिने मला पहिल्या आठवड्यातच सांगितली होती. "एस्टी शे तर कॉलेज शे. एस्टी नही, कॉलेज नही." काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून मुलीने जायचे नाही. स्वतः आबांना सकाळी सोडायला येणे जमत नाही, कारण शेतातल्या मोटरीला वीज सकाळीच मिळते, आणि ती गेली की पाणी गेले. म्हणजे मुलीचे सगळे शिक्षण सकाळच्या एका लाल बसवर टेकलेले होते.

आषाढात ती बस बंद झाली. का, ते कुणी सांगितले नाही. डेपोत विचारले तर उत्तर आले, "तात्पुरती." आमच्याकडे तात्पुरत्या गोष्टी फार टिकतात.

मुलीच्या खेड्यातले गावकरी भाऊंकडे गेले. भाऊ म्हणजे तालुक्यातले एक नेते. कुठल्या पक्षाचे, ते विचारू नका, हे छापून होईपर्यंत बदललेले असेल. भाऊंनी लगेच निवेदन द्यायचे ठरवले. बाहेरच्या माणसाला वाटेल की निवेदन हा कागद असतो. आमच्याकडे निवेदन हा फोटो असतो. साहेब खुर्चीतून उठतात, भाऊ कागद पुढे करतात, आणि त्या एका कागदाला जितके हात लागू शकतील तितके लागतात. ज्याचा हात पोहोचत नाही तो पुढच्याच्या खांद्यावरून मान काढतो. साहेबांनी कागद घ्यायचा नसतो आणि भाऊंनी सोडायचा नसतो. दोघे तो धरून कॅमेऱ्याकडे पाहत राहतात. या फोटोत आबाही होते, मागच्या रांगेत, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोत असते तेवढी चिंता.

फोटो काढला आमच्या वार्ताहराने. तो माझा जुना विद्यार्थी. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला, म्हणून त्याला मोबाइलचे दुकान काढावे लागले. दुकान सांभाळून तो जळगावच्या पेपराला तालुक्याच्या बातम्या देतो. चार दिवसांत बातमी आली : 'भाऊंच्या पाठपुराव्याला यश, सकाळची बस पुन्हा सुरू'. डेपोच्या साहेबांनी प्रत्यक्षात "बघू" एवढेच म्हटले होते. पण भाऊंचा वाढदिवस जवळ आला होता, फ्लेक्स छापायला गेला होता, आणि फ्लेक्सवर भाऊंच्या फोटोखाली केलेल्या कामांसाठी बरीच जागा उरली होती. भाऊंच्या ऑफिसातून वार्ताहराला मोबाइलवर मजकूर आला, त्याने तो जळगावला पाठवला, जळगावने छापला. कुणीही खोटे बोलले नाही. प्रत्येकाने आलेले पुढे पाठवले.

गावात पेपर दुपारी पोहोचला. मोबाइलवर तर सकाळीच फिरला होता. आणि इथे गावकऱ्यांनी ती चूक केली, जी फक्त आमच्याकडचीच माणसे करू शकतात. त्यांनी बसची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी भाऊंचा सत्कार केला. बस थांब्याच्या शेडखाली मांडव, शाल, नारळ, फेटा. फेटा आबांनी स्वतः बांधला. सत्कारानंतर आबांच्याच घरी भरीत आणि कळण्याच्या भाकरीची पंगत झाली. भाऊ भरताचे कौतुक करत करत पोटभर जेवले आणि म्हणाले, "बसचं काय, गावासाठी जीव देऊ." त्यांच्याकडे कुणी जीव मागितला नव्हता.

सकाळी मुलगी थांब्यावर गेली. बस आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही नाही. कॉलेजात माझा पहिला बाक रिकामा राहू लागला. मी फोन केला तर ती हळूच म्हणाली, "म्याडम, बस वनी नही." आणि पुढे, "पण असं घरात मोठ्यानं बोलता येत नाही."

मला आधी कळेना, का बोलता येत नाही. मग एकदा आबांशीच फोनवर बोलले. ते म्हणाले, "म्याडम, आपीन त्यासले शाल दिधी, नारळ दिधा, जेवाडं. आते बस येत नही म्हनसूत तर त्या काय म्हनतीन?" म्हणजे आता बस नाही असे म्हणणे ही डेपोविरुद्ध तक्रार राहिली नव्हती, तो पाहुण्याचा अपमान झाला होता. ज्या घरात जेवला त्या घराने त्याला खोटे पाडायचे? आबांच्या सभ्यतेचा मला इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

मी स्वतः सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. माझा या पोर्टलवर विश्वास होता, कारण ते इंग्रजीत होते. काही दिवसांनी उत्तर आले : सदर बस सुरू असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी हे उत्तर वार्ताहराच्या दुकानात नेऊन त्याच्या तोंडासमोर धरले. त्याने ते वाचले, फोटो काढला, आणि दोन दिवसांनी पेपरात आले : 'बस सुरू असल्याच्या वृत्तास डेपोचा दुजोरा'. पेपर म्हणतो म्हणून डेपो म्हणतो, डेपो म्हणतो म्हणून पेपर म्हणतो. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. आमच्याकडे त्याला प्रशासन म्हणतात. हे मी वर्गात सांगितले तेव्हा उरलेली तीन मुले मनापासून हसली. जिला सर्वात जास्त हसू आले असते ती घरी होती.

दसऱ्याच्या सुमारास हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. त्यांना परीक्षेला बसता येणार नव्हते. यादीत तिचे नाव होते. कारणाच्या रकान्यात तिच्या वतीने मी लिहिले होते 'बस बंद', आणि क्लार्कने त्यावर लाल रेघ मारून लिहिले होते 'बस सुरू आहे, पेपर पाहा'. मी प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य भले गृहस्थ. भाऊ आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर, त्यामुळे भल्या माणसाला आणखीच भले राहावे लागते. ते म्हणाले, "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. फक्त बस नाही याचा काहीतरी पुरावा आणा."

वर्ष बुडाले तर आबा पुढच्या वर्षी तिला पाठवणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होते. म्हणून एका सकाळी मी स्कूटी काढली आणि त्या गावी जाऊन थांब्यावर बसले. नसलेली बस डोळ्यांनी पाहायला. शेडला भाऊंचा वाढदिवसाचा फ्लेक्स अजून लटकत होता, त्यावर छापलेली बस धुतलेली आणि चकचकीत होती. शेजारी एक म्हातारी अक्का दवाखान्यात जायला जीपची वाट पाहत होती. मी विचारले, "अक्का, सकाळची एस्टी येते का?" तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "येस ना, बाई. रोज येस. पेपरमा येस, मोबाइलमा येस. रस्तावर तेवढी येत नही."

मी वार्ताहराला तिथूनच फोन लावला. म्हटले, ये आणि फोटो काढ. तो म्हणाला, "मॅडम, आलेल्या बसचा फोटो काढता येतो. न आलेल्या बसचा कसा काढू? रिकामा रस्ता छापला तर लोक म्हणतील रस्ता झाला, अन् त्याचाही सत्कार करतील." मला त्याचे म्हणणे पटले, म्हणून मी फोन आपटला.

यानंतर नाना आले. नाना म्हणजे भाऊंचे विरोधक. त्यांचा जोर शिंदखेड्याकडे जास्त, आणि त्यांच्या बातम्या धुळ्याच्या पेपरात येतात. नानांना कुणीतरी फ्लेक्स दाखवला. आता खऱ्या विरोधकाने काय म्हणावे? बस येतच नाही, असे म्हणावे. नाना म्हणाले, बस भाऊंनी नाही, आम्ही सुरू केली. आम्ही वर्षभर आधी पत्र दिले होते. धुळ्याच्या पेपरात मथळा आला : 'बसचे श्रेय लाटण्याचा केविलवाणा प्रयत्न'. जळगावच्या पेपराने उलट छापले. गावात दोन तट पडले. चहाच्या टपरीवर माणसे भांडू लागली, मोबाइलच्या ग्रुपवर शिव्या झाल्या, दोघे चुलतभाऊ एकमेकांच्या दारासमोरून जाईनासे झाले. आधी एक बस येत नव्हती. आता भाऊंची येत नव्हती आणि नानांचीही येत नव्हती. बस कुठे आहे, एवढे मात्र दोन्हीकडच्या कुणीही विचारले नाही, कारण तसे विचारणारा लगेच दुसऱ्या बाजूचा ठरत होता.

दिवाळीनंतर नानांनी घाव घातला. बसचे उद्घाटन ठेवले. खऱ्या बससकट. डेपोवर कुणीकडून तरी फोन गेला, आणि जी बस इतके दिवस कारण न सांगता निघत नव्हती ती झेंडूच्या माळा घालून, पुढे केळीचे खांब बांधून गावात आली. कॉलेजचे कुणी असावे म्हणून मला स्टेजवर बसवले होते. मी गेले, कारण मला बस पाहायची होती. नानांनी भाषण केले, हिरवा झेंडा हातात घेतला. चारी बाजूंनी मोबाइल वर झाले. आबा या वेळीही शाल घेऊन उभे होते. त्यांच्या घरी पुन्हा भरीत शिजत होते.

तेवढ्यात मुलगी दप्तर घेऊन गर्दीतून पुढे आली आणि बसमध्ये चढली. खिडकीशी बसली.

चालक खाली उतरलेला होता. तो गडबडला. "ताई, ही उद्घाटनाची गाडी शे. पॅसिंजर नही घेत. झेंडा झाला की डेपोत जास."

"मला कॉलेजला जायचंय," ती म्हणाली.

"उतर, ताई. तिकीट मशीनबी नही."

"माझ्याकडे पास शे."

ती जागची हलली नाही. नानांचा झेंडा हवेत, सगळे कॅमेरे खिडकीवर. नानांनी क्षणभर विचार केला. भाषणात त्यांनी आत्ताच 'आमच्या लेकींसाठी' असे तीनदा म्हटले होते. आता लेकीला कॅमेऱ्यासमोर खाली उतरवायचे तर झेंड्याचे काय करायचे? त्यांनी हसून झेंडा हलवला. बस एका प्रवाशाला घेऊन निघाली. मी मागून स्कूटीवर गेले. चौकाचौकात लोक त्या माळा घातलेल्या बसकडे पाहत होते, आणि ती खिडकीतून समोर बघत बसली होती, रोजच जात असल्यासारखी. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तो मी रस्त्यावरच्या धुळीत एकटीनेच भोगला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या पेपरात मोठा फोटो. 'नानांच्या प्रयत्नांना यश, सकाळची बस अखेर सुरू'. खिडकीत तिचा चेहरा.

आणि त्या दिवसापासून मुलगी रोज वेळेवर वर्गात येऊ लागली. मी अनुमान केले. मुलगी येते, म्हणजे बस येते. मला नानांविषयी थोडा आदरही वाटू लागला, तो लिहायला लाज वाटते, पण वाटला होता.

मागच्या हजेरीचा प्रश्न उरला होता. बैठक बसली. प्राचार्य, क्लार्क, मी. तिला बोलावले. तिने दप्तरातून पेपरची दोन कात्रणे काढून टेबलावर ठेवली.

"सर, ही भाऊंची बातमी. ही खोटी आहे का?"

प्राचार्यांनी कार्यकारिणीचे स्मरण केले. "खोटी कशी असेल?"

"अन् ही नानांची?"

नाना स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. पत्रिका छापायला गेली होती. "ती तरी खोटी कशी असेल?"

"मग सर, भाऊंनी श्रावणात बस सुरू केली, अन् नानांनी दिवाळीनंतर सुरू केली. चालू असलेली बस कुणाला सुरू करता येत नाही. म्हणजे मधे ती बंद पडलेली होती. कधी बंद पडली ते कुणी छापलं नाही. मी म्हणते, दुसऱ्याच दिवशी पडली. सर, तुमच्याकडे दुसरी तारीख असली तर सांगा."

क्लार्कने कात्रणे उलटी करून पाहिली, मागे काही लिहिले आहे का म्हणून. तो धष्टपुष्ट माणूस दिवसा जेवत नाही आणि तरी धष्टपुष्ट आहे, हे उदाहरण मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आले, पण त्याने कधी कुणाचे वर्ष वाचवलेले मी पाहिले नव्हते. प्राचार्यांनी घाम पुसला आणि सही केली. दोन्ही बातम्या खऱ्या धरून, दोन्ही नेत्यांचा मान राखून, मुलीला परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी सकाळी लवकर एसटी स्टँडजवळ रिक्षातून उतरले, स्कूटी दुरुस्तीला होती. स्टँडच्या मागच्या भिंतीशी एक मोटरसायकल उभी होती. त्यावर आबा, कानाला उपरणे गुंडाळलेले. मागून मुलगी उतरली, केस नीट केले, आणि भिंतीला वळसा घालून स्टँडच्या आत गेली. थोड्या वेळाने ती पुढच्या फाटकातून, बसमधून उतरलेल्या इतर मुलींच्या घोळक्यातून बाहेर आली आणि कॉलेजकडे चालू लागली.

मी आबांना गाठले. "आबा, बस?"

त्यांनी मान खाली घातली नाही. "बसवरच वनी ना, म्याडम. पेपरमा तिना फोटू शे."

"म्हणजे बस येत नाही?"

"एक दिन वनी. झेंडा हालाना त्या दिन."

"मग तुम्ही रोज...? आणि शेतातली मोटर?"

"तिनी माय चालू करस." त्यांनी उपरणे सैल केले आणि नेहमीपेक्षा जास्त बोलले. "गावमा बठ्ठा लोक म्हनतस, आबानी पोर बसवर जास. दोन्ही पार्टीवाला म्हनतस. आते ती घर बसनी तर बठ्ठासना पेपर खोटा पडी." मग माझ्याकडे रोखून पाहत, "आनि मन्ही बी अट व्हती ना, म्याडम. एस्टी शे तर कॉलेज शे."

मला हसू येत होते. एवढ्या लोकांनी मिळून एक बस नुसती सांगितली होती, आणि हा एकच माणूस ती रोज पहाटे उठून चालवत होता.

"अट मोडली असती तरी चाललं असतं, आबा."

"मोडी कशी?" त्यांनी किक मारली. "महिनाना पास बी काढेल शे."